तुमचं नेट आलं का?

आमच्या गल्लीत सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून दोनच प्रश्न इकडून तिकडे जातात. टँकर आला का? आणि नेट आलं का? पहिला प्रश्न अख्ख्या बेंगळुराचा आहे, त्याचं काही वाटत नाही. दुसरा विचारताना मात्र जीभ अडखळते, कारण आम्ही राहतो इलेक्ट्रॉनिक सिटीत. माझ्या सांगलीच्या जावेची तर समजूत आहे की इथे नळ सोडला तरी पाण्याऐवजी नेटच येत असणार.

केऑनिक्स या सरकारी कंपनीचे पहिले प्रमुख आर. के. बालिगा. त्यांच्या डोक्यातून ही वसाहत निघाली. १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या दोन खेड्यांच्या शिवारात ३३२ एकरांवर ती सुरू झाली. पुढे इन्फोसिस इथे आली. ती १९८१ साली पुण्यात जन्मली, म्हणून मी शेजारच्या वहिनींना कायम ऐकवते की निम्मं श्रेय आमचं. त्या लगेच म्हणतात, "आणि सुधाताई मूर्ती कुठल्या? शिग्गावच्या. म्हणजे आमच्या!" वहिनी बेळगावच्या, शहापुरातल्या. त्यांना दोन्हीकडून श्रेय घेता येतं आणि त्या ते घेतात.

तर मागच्या मंगळवारची गोष्ट. मी तुळशीला पाणी घालत होते आणि भिंतीपलीकडून वहिनींचं डोकं उगवलं. वहिनी उंचीला बेताच्या, म्हणून त्यांनी त्यांच्या बाजूला एक कुंडी कायमची पालथी घालून ठेवली आहे. त्या कुंडीवर चढल्या की समजावं, आज कुणाचं तरी दूध उतू जाणार.

"ताई, तुमचं नेट आलं का ओ?"

"कुठलं! काल संध्याकाळी जेसीबीनं कोपऱ्यावर खणलं ना, तेव्हापासून गेलंय."

"पण मोबाइलवर वायफायच्या कांड्या सगळ्या दिसतात बघा. फुल्ल. मग नेट का येईना झालंय?"

हा प्रश्न मला आजवर निदान दहा जणींनी विचारला असेल. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या स्वयंपाकघरातला नळ ठणठणीत आहे. वॉशर नवा, गळत नाही. पण खालचा संप कोरडा आणि गच्चीवरची टाकी रिकामी. मग नळाला शिव्या देणार का?" वायफाय म्हणजे घरातला नळ. भिंतीवरचा तो पांढरा डबा म्हणजे राउटर. राउटर आणि फोन यांच्यातलं बिनतारी बोलणं, एवढंच वायफाय. कांड्या फुल्ल म्हणजे फोनला डबा नीट ऐकू येतोय. डब्याला बाहेरचं काही ऐकू येतंय का, ते कांड्यांना काय ठाऊक? त्यासाठी डब्यावरचे दिवे बघायचे. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा उजेडच तुटला.

"उजेड? नेट उजेडानं येतं व्हय?"

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. १९७९ साली सांगलीच्या एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले, कानाला हेडफोन आणि समोर दोऱ्या खुपसायचा बोर्ड. त्यामुळे नेटमधला कुठलाही नवा शब्द आला की मी तो आधी त्या बोर्डावर लावून बघते. बहुतेक वेळा लागतो. माझा मुलगा संगणकातला इंजिनिअर आहे, पण तो समजावायला लागला की मला कळत असलेलंही कळेनासं होतं. वहिनींचीही सुनेबद्दल हीच तक्रार आहे. या मुलांना वस्तू माहीत असते, पण ती आपल्या घरातल्या कशासारखी आहे, ते माहीत नसतं.

"आमच्या वेळी आवाज तांब्याच्या तारेतून जायचा," मी म्हटलं, "आता काचेच्या तंतूतून उजेड जातो. दिवा भराभर लुकलुकतो, त्या लुकलुकण्याचीच सगळी भाषा. तुमची मालिका, नातवाचा अभ्यास, सगळं त्यातच."

"मला वाटलं, सॅटेलाइटवरून येतं."

पुष्कळांना तसंच वाटतं. सॅटेलाइट म्हटलं की बेंगळूरच्या माणसाला इस्रोचा तो फोटो आठवतो. १९८१ साली ॲपल नावाचा आपला उपग्रह चक्क बैलगाडीवर ठेवून तपासला होता, कारण लोखंडी गाडीनं अँटेनाच्या चाचणीत अडथळा आला असता. हल्ली लोक तो फोटो आपल्या गरिबीचा म्हणून फिरवतात. तो गरिबीचा नाही, अकलेचा आहे. पण असे उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर असतात. तिथे जाऊन परत यायला बोलण्याला पाव सेकंद लागतो. परदेशी कॉलवर आम्ही ते रोज ऐकायचो, इकडचा "हॅलो" म्हणून थांबायचा, तिकडचा उशिरा "हॅलो" म्हणायचा आणि मग दोघं एकदम बोलायचे. आज देशादेशांतलं जवळजवळ सगळं नेट समुद्राच्या तळावर टाकलेल्या केबलींतून येतं. आपल्याकडे त्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात, चेन्नईला येतात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबली तुटल्या आणि इथे कंपन्यांमध्ये बोंबाबोंब झाली. तिकडे समुद्र, इकडे जेसीबी.

वहिनींनी कुंडीवर पाय बदलला. "म्हणजे तार तुटली की संपलं?"

"गल्लीतली एकुलती तार तुटली तर संपलंच. पण पुढे तसं नाही, इथेच तर गंमत आहे." आमच्याकडे ट्रंक कॉल लागला की सांगली ते मुंबई ती लाइन त्या दोघांची. दोघं रुसून गप्प बसले तरी लाइन त्यांचीच, तीन मिनिटांचे पैसे चालूच. मधे कुठे तार तुटली की कॉल मेला, पुन्हा बुकिंग. नेटचं तसं नाही. नेट लग्नाच्या वऱ्हाडासारखं चालतं. दोनशे माणसं, पंधरा गाड्या. प्रत्येकाच्या खिशात कार्यालयाचा पत्ता आणि आपला नंबर. एक गाडी मिरजेवरून जाते, एक इस्लामपुरावरून. रस्ता बंद असला तर दुसऱ्या रस्त्यानं. कार्यालयात पोहोचल्यावर सगळे नंबरानुसार पंगतीला बसतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोचे असेच तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एखादा तुकडा वाटेत हरवला तर मूळ ठिकाणाहून तसाच दुसरा पाठवतात. वऱ्हाडात ही सोय नाही, असती तर बरेच मामा बदलून घेतले असते.

हे नियम व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोन अमेरिकनांनी बसवले आणि १ जानेवारी १९८३ पासून ते लागू झाले. रस्ते झाले. बाजार नंतर भरला. टिम बर्नर्स-ली नावाच्या माणसानं १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत त्याची कल्पना मांडली, ते वेब. म्हणजे इंटरनेट हे रस्ते आणि वेब हा रस्त्याकडेचा बाजार. आपल्या देशात सामान्य माणसाला या रस्त्यावर पाऊल टाकता आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या कृपेनं. तेव्हा नेट लागताना मोडेम किंचाळायचा आणि नेट चालू असेतोवर घरचा फोन एंगेज. आमच्याकडे तक्रारी यायच्या की शेजारचा मुलगा तीन तास कुणाशी बोलतोय. मुलगा बिचारा एक चित्र उघडायची वाट बघत बसलेला असायचा.

"आणि क्लाउड? सून म्हणते, फोटो क्लाउडवर टाकलेत. मी वर बघितलं."

"वर नाही, खालीच. कुठल्या तरी शेडमध्ये." सर्व्हर म्हणजे दुसऱ्याचा संगणक, रात्रंदिवस चालू आणि आपण मागू ते देणारा. असे हजारो एका गार शेडमध्ये रचले की त्याला म्हणायचं क्लाउड. आपल्या सांगलीला हळद ठेवायला शेतकरी वखारीत जागा घेतो ना, तसं. माल आपला, वखार दुसऱ्याची, भाडं चुकलं की बोंब. यापलीकडे त्या ढगात काही नाही.

वहिनींना हळदीचं पटलं. पण त्यांना मधेच भलतंच आठवलं. "ताई, तुम्ही ट्रंक कॉल ऐकत होता का ओ? खरं सांगा."

आता इतक्या वर्षांनी कबूल करायला काय हरकत आहे? लाइन लागली का ते बघायला ऑपरेटरला कान लावावाच लागायचा. आणि कान लावल्यावर तो लगेच काढवत नसे. सांगलीच्या हळदीचा मुंबईतला भाव व्यापाऱ्यांच्या घरच्यांआधी आम्हाला कळायचा. एका घरचं लग्न मोडल्याचं मुलीच्या आईच्याही आधी मला कळलं होतं. संध्याकाळी देवळात ती भेटली, मी मुकाट्यानं प्रसाद घेतला आणि घरी आले.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या आणि कुंडी डुगडुगली.

ब्राउझरमध्ये पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस असतं, काही ठिकाणी कुलपाचं चित्र असतं, ते याचसाठी. मधल्या ऑपरेटरला आता ऐकू येत नाही. बोलणं बंद पाकिटात जातं. पण पलीकडे बोलणारा माणूस भला आहे, असं ते कुलूप सांगत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतंच. हे मी वहिनींना दोनदा सांगितलं, कारण याच एका गैरसमजात माणसं बुडतात.

"मग भला की बुरा ते ओळखायचं कसं?"

आडनाव बघायचं! हे माझं स्वतःचं संशोधन आहे. पूर्वी १९७ फिरवलं की आम्ही नंबर सांगायचो. लोकांना पेढीचं नाव माहीत, नंबर नाही. नेटवरही प्रत्येक यंत्राला नंबर असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, आणि माणसाला नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून नाव असतं, ते डोमेन. तुम्ही नाव टाकलंत की एक १९७ वाली बाई क्षणात नंबर काढून देते. त्या बाईचं नाव डीएनएस. १९८३ पर्यंत ही सगळी डिरेक्टरी कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत एकाच यादीत होती आणि जगभरचे लोक तिची नक्कल उतरवून घेत. यादी आवरेना, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी ती वाटून टाकण्याची युक्ती काढली. प्रत्येक गावाची डिरेक्टरी त्या गावात, असा हिशेब.

तर नाव वाचायचं आपल्यासारखं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. घराणं कळतं आडनावावरून, म्हणून शेवटून वाचायचं. एचटीटीपीएसपुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून पत्त्यात पहिली तिरपी रेघ येते, तिच्या आधीचे शेवटचे दोन-तीन शब्द म्हणजे आडनाव. सुरुवातीला तुमच्या बँकेचं नाव ठळक लिहिलंय आणि शेवटी भलतंच काही असेल, तर ते पोर त्या घरचं नव्हे. रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या फेब्रुवारीत बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' असं आडनावच राखून ठेवलं आणि ऑक्टोबरअखेर सगळ्या बँकांनी त्यावर यावं असं सांगितलं. ज्यानं कुणी हे सुचवलं त्याला माझ्याकडून पुरणपोळी. म्हाताऱ्या माणसांना 'सावध राहा' असं शंभरदा सांगण्यापेक्षा बघायची एक खूण दिलेली बरी.

नेटच्या मराठी शब्दांचंही तसंच, ऐकताच खूण पटायला हवी. आमच्या भाचीनं मला एकदा 'न्याहाळक' लिहून पाठवलं. मला वाटलं, दुर्बीण मागवली की काय. तो म्हणे ब्राउझर. 'संकेतस्थळ' रुळलं, पण वेबसाइटला कुणी घरी संकेतस्थळ म्हणत नाही, शिवाय आमच्या पिढीला संकेतस्थळ म्हटलं की प्रेमिकांचं भेटायचं ठिकाण आठवतं. मात्र पासवर्डला 'परवलीचा शब्द', हा शंभर नंबरी. तो कुणी नव्यानं पाडलेला नाही. रात्री चौकीवर पहारेकरी तो विचारायचा, चुकला की आत प्रवेश नाही.

"तुमची परवल काय हो वहिनी?"

"नातवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन," त्या म्हणाल्या. गल्लीतून जाणाऱ्या भाजीवाल्यानंही ऐकलं असेल.

मग मी त्यांना हिरकणीची गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे आठवण करून दिली, चौथीच्या पुस्तकापासून ती सगळ्यांनाच ठाऊक आहे. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले. पहारा चोख, परवल चोख. पण घरी तान्हं रडतंय म्हणून गवळण कड्यावरून उतरून गेली. महाराजांनी तिला साडीचोळी दिली म्हणतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या कड्यावर बुरूज बांधला. फोनवर 'अपडेट करा' असं येतं ना, ते म्हणजे हिरकणीचा बुरूज. कुणाला तरी कड्यावरून वाट सापडलेली असते. कधी आईला सापडते, कधी चोराला. कंपनी बुरूज बांधून पाठवते आणि आपण 'नंतर' दाबतो.

"मी तर सहा महिने 'नंतर'च दाबालेय," वहिनी म्हणाल्या. "आणि त्या कुकीज? त्या विचारतात, ॲक्सेप्ट करू का. मी एकदा कुकर बघितला, पाच लिटरचा. घेतला नाही. तर आठ दिवस जिथं जाईन तिथं कुकर. रेसिपी बघितली, कुकर. पंचांग बघितलं, तिथं पण कुकर!"

नरसोबाच्या वाडीला चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो. चप्पलवाल्याला तुमचा चेहरा लक्षात नसतो, तो बिल्ला बघतो आणि जोड काढून देतो. वेबसाइटची स्मरणशक्ती त्याहून वाईट. दर वेळी बोट लावलं की तुम्ही तिला नव्याच. म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या पोरसवदा इंजिनिअरनं युक्ती काढली, की साइटनं एक चिठ्ठी तुमच्याच ब्राउझरमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी ती बघून तुम्हाला ओळखायचं. प्रोग्रामर मंडळी असल्या चिठ्ठीला आधीपासून 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यावरून कुकी. बिस्किटाशी तिचा एवढाच संबंध. इथवर सगळं ठीक. पण वाडीचा बिल्ला बघून औदुंबरच्या पेढेवाल्यानं "या, तुमची कोल्हापुरी आठ नंबरची ना?" म्हणून हाक मारली तर? तुमच्या कुकरचं तेच झालं. एका दुकानाच्या पानावर जाहिरातवाला आपलाही बिल्ला देतो आणि पुढे प्रत्येक गावात तो बिल्ला ओळखतो. 'ॲक्सेप्ट'च्या शेजारी 'रिजेक्ट' असतं. ते बारीक अक्षरात का असतं, हे तुम्हीच ओळखा.

एवढ्यात पिवळी पेटी घेऊन केबलवाला पोऱ्या आला आणि कोपऱ्यावरच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला. वहिनींनी कुंडीवरूनच कन्नडात चौकशी केली. "केबल कट् आगिदे. अर्धा गंटे," तो म्हणाला. अर्धा तास म्हणजे बेंगळुरात कितीही.

वहिनी अस्वस्थ झाल्या. "ताई, तोवर तुमचं हॉटस्पॉट द्या की जरा. माझा आजचा दीड जीबी मालिकेत संपला. नातू म्हणतो, शेजारणीकडून हॉटस्पॉट मागून घे."

हॉटस्पॉट म्हणजे आपल्या फोननं थोडा वेळ राउटर व्हायचं. माझ्या टाकीतलं पाणी पाइप लावून तुमच्या बादलीत. शेजारणीला विरजण देतो तसं हेही द्यावं. मी चालू केलं. वहिनींच्या फोनवर माझं नाव उमटलं. परवल मी सांगत गेले, त्या दाबत गेल्या. माझी परवल लांब आहे आणि त्यांचा चष्मा घरात होता. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा सांगता सांगता मी सहज विचारलं, "एवढं काय अडलंय सकाळी सकाळी?"

"पैसे यायचेत ओ. ते शिलाई मशीन काढलं ना विकायला, एका ॲपवर टाकलं होतं नातवानं. लगेच एकाचा फोन आला. मिलिटरीतला आहे म्हणाला. भाव पण केला नाही बिचाऱ्यानं! साडेचार हजार, म्हणाला, आत्ता पाठवतो, माणूस नंतर येऊन नेईल. त्यानं तो चौकोनी ठिपक्यांचा फोटो पाठवलाय. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जमा होतात म्हणे. काल संध्याकाळपासून नेट नाही, तो तिकडे सारखा फोन करालाय."

माझं बोट आधी हललं, तोंड नंतर. हॉटस्पॉट बंद.

"वहिनी, पैसे घ्यायला पिन लागत नाही."

"पण तो म्हणाला..."

"तो म्हणणारच."

तो चौकोन म्हणजे क्यूआर कोड. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला निघालेला. त्यात लबाडी काही नाही. त्यात फक्त पत्ता असतो, पैसे कुणाला द्यायचे त्याचा. भाजीवाल्यानं हातगाडीवर तो लावलाय तो त्याला पैसे मिळावेत म्हणून. कधी बघितलं का भाजीवाला आपलाच कोड स्कॅन करून पिन टाकतोय? स्कॅन करतो तो देणारा. आणि यूपीआयचा पिन म्हणजे तिजोरीची किल्ली. तिजोरीतून काढताना ती लागते. कुणी दारात येऊन तुमच्या हातात नोटा ठेवल्या तर तुम्ही किल्ली कशाला काढाल? ओटीपीही तसाच, एका रात्रीची परवल. पहारेकऱ्याला सांगायची, पलीकडून हाका मारणाऱ्याला नव्हे. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं तेव्हापासून हा नियम बदललेला नाही. पैसे येतात ते न विचारता येतात, आपल्याला काही करावं लागत नाही.

वहिनी गप्प झाल्या. मी त्यांना इतकं गप्प कधी बघितलेलं नाही. त्यांच्या खात्यात पेन्शन येते. भाऊजींची, त्यांच्या पश्चात.

"सुनेला सांगू नका," त्या शेवटी म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. तोच होता. साध्या कॉलला नेट लागत नाही. मी खुणेनं म्हणत होते, उचलू नका, कापा. पण वहिनींनी उचलला. तो हिंदीत काही तरी 'माताजी' म्हणाला आणि वहिनी सुरू झाल्या. आधी हिंदीत, मग मराठीत, मग राग खरा चढल्यावर कन्नडात. शेवटच्या भागाचा मला अर्थ लागला नाही. पण खड्ड्यापाशी बसलेला केबलवाला पोऱ्या हातातलं काम सोडून बघत राहिला आणि नंतर त्यांना आदरानं 'अम्मा' म्हणायला लागला. नंबर ब्लॉक केला, ॲपवरची जाहिरात काढली.

मग आम्ही दोघी चहाचे कप घेऊन कोपऱ्यावर गेलो, पोऱ्यालाही दिला. तो काय करत होता ते मला बघायचंच होतं. आमच्या वेळचे जॉइंटर तांब्याच्या जोड्या रंगांवरून जुळवत दिवसभर खड्ड्यात बसायचे. यानं पिवळं आवरण सोललं, आतून काचेचा केस निघाला, मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढ्या जाडीचा. तो स्पिरिटच्या कापडानं पुसला, छोट्या अडकित्त्यात धरून टचकन तोडला. तुकडा उचलून प्लास्टिकच्या बाटलीत टाकला, "पायात घुसला की दिसत नाही, अम्मा." दोन्ही टोकं डबीएवढ्या यंत्रात समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती खांबाएवढी दिसली, आपोआप सरकत एका रेषेत आली, एक ठिणगी उडाली आणि दोनाची एक झाली. वरून नळी सरकवून तापवली. झालं.

"संपलं?" वहिनींनी विचारलं.

घरी जाऊन बघितलं तर लाल दिवा विझला होता, पॉन नावाचा हिरवा स्थिर झाला होता. दोन मिनिटांत पलीकडून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं.

शिलाई मशीन रविवारी इस्त्रीवाल्याच्या बायकोनं नेलं. बावीसशे, रोख. साडेचार हजाराची आशा वहिनींनी मनातून काढलीय असं मला वाटत नाही. त्यांच्या फ्रिजवर टँकरवाल्याच्या नंबराखाली आता मी माझ्या हातानं १९३० लिहून चिकटवलं आहे. सायबर चोरीची तक्रार घेणारा सरकारी नंबर आहे तो, देशभर एकच. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फिरवाल तितकी ते वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. तुमच्या फ्रिजवरही लिहा. त्याला नेट लागत नाही.